लॉ सीईटी आणि क्लॅटचं लॉजिकल रिझनिंग: खान्देशातल्या मुलांचे नेहमीचे प्रश्न

चोपडा, शहादा, शिरपूर, पाचोरा, गाव कुठलंही असो, लॉ सीईटी (महाराष्ट्राची कायद्याची प्रवेश परीक्षा) आणि क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) यांतल्या रिझनिंगबद्दल, म्हणजे तर्काच्या प्रश्नांबद्दल, मुलं-मुली जे विचारतात ते साधारण सारखंच असतं. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो. उदाहरणं मुद्दाम आपल्या भागातली घेतली आहेत, पण ती सरावासाठी रचलेली आहेत. "सर, असं कधी होतं का?" हा प्रश्न डोक्यात आला की समजा, पेपर सेट करणाऱ्याला तुम्ही जसे हवे होतात तसेच सापडलात.

पेपरात रिझनिंगला किती मार्क असतात?

महाराष्ट्राची लॉ सीईटी २०२४ पासून १२० प्रश्नांची, १२० मिनिटांची झाली. त्याआधी १५० प्रश्न असायचे. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्ससाठी लॉजिकल अँड ॲनालिटिकल रिझनिंगचे ३२ प्रश्न येतात, लीगल ॲप्टिट्यूडचेही तेवढेच. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या कोर्सला रिझनिंगचे २४. प्रत्येक प्रश्नाला एक मार्क, चुकलं तरी कापाकापी नाही. परीक्षा कॉम्प्युटरवर.

क्लॅटही आता १२० प्रश्न आणि १२० मिनिटांचीच आहे. बारावीनंतरच्या क्लॅटमध्ये रिझनिंगचे २२ ते २६ प्रश्न असतात, सगळे उताऱ्यावर आधारलेले. पेपर फक्त इंग्रजीत, कागदावर, ओएमआर शीटवर गोल काळे करायचे. चुकीच्या उत्तराला पाव मार्क जातो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत बारावीनंतर जायचं तर क्लॅटच द्यावी लागते, सीईटी तिथे चालत नाही. दरवर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, मित्राने व्हॉट्सॲपवर टाकलेल्या फोटोवर विसंबू नका.

लीगल रिझनिंग आणि लॉजिकल रिझनिंग एकच ना?

भाऊबंद आहेत, एक नाहीत. लीगलमध्ये एक तत्त्व देतात, मग एक प्रसंग, आणि तत्त्व प्रसंगाला लावून दाखवायचं असतं. उदाहरणार्थ, तत्त्व: अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार रद्दबातल असतो. प्रसंग: सतरा वर्षांच्या मुलाने वय लपवून उधारीवर मोटरसायकल घेतली. दुकानदार करारावर बोट ठेवून पैसे मागू शकतो का? नाही. मुलगा खोटं बोलला, दुकानदार बिचारा फसला, सगळं खरं. पण दिलेल्या तत्त्वात खोटं बोलणाऱ्यासाठी अपवाद लिहिलेला नाही. भारतात अज्ञानाच्या, म्हणजे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीच्या, कराराबद्दलचा नियम असाच आहे, १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय) मोहरी बीबी खटल्यात तो पक्का केला. तरीही उद्या पेपरातल्या तत्त्वात "वय लपवलं असल्यास करार वैध" असं छापून आलं, तर उत्तर त्या छापलेल्या ओळीप्रमाणेच द्यायचं.

लॉजिकलमध्ये तत्त्व कोणी देत नाही. कोणीतरी एक म्हणणं मांडतं आणि ते कशाच्या जोरावर उभं आहे हे तुम्ही शोधायचं. छापलंय तेवढंच धरायचं, ही शिस्त मात्र दोन्हीकडे सारखीच.

मी मराठी माध्यमातून शिकलो. रिझनिंग जमेल का?

सीईटीचा पेपर मराठीतही असतो (इंग्रजीचा विभाग अर्थातच इंग्रजीत), त्यामुळे तिथे भाषेची अडचण सांगू नका. अडचण क्लॅटला आहे, आणि ती तर्काची नसून वाचनाच्या वेगाची आहे. साडेचारशे शब्दांपर्यंतचा इंग्रजी उतारा तीनेक मिनिटांत वाचून तो काय म्हणतोय हे सांगता आलं पाहिजे. त्याला सहा-आठ महिने रोज इंग्रजी पेपरातला एक लेख, एवढाच इलाज आहे. घरी अहिराणी किंवा लेवा बोलीत बोलणारी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलं तर्कात कुठेही मागे नसतात. बांधावरच्या भांडणात समोरच्याच्या बोलण्यातली खोट पकडायला त्यांना कुठला क्लास लावावा लागलेला नसतो.

आधी प्रश्न वाचायचा की उतारा?

सीईटीत दोन-चार ओळींचं विधान असतं, तिथे आधी प्रश्न वाचा. गृहीतक विचारलंय की निष्कर्ष, हे कळल्याशिवाय विधान वाचलं तर परत वाचावंच लागतं. क्लॅटच्या लांब उताऱ्यावर चार-पाच प्रश्न असतात, ते सगळे आधी वाचून लक्षात राहत नाहीत. तिथे उतारा एकदा नीट वाचा, लेखकाचं मुख्य म्हणणं मनात एका वाक्यात म्हणा, मग प्रश्नांकडे या.

उताऱ्यातला निष्कर्ष ओळखताच येत नाही. शेवटचं वाक्य धरायचं का?

नाही. निष्कर्ष पहिल्या ओळीत असू शकतो, मधे दडलेला असू शकतो. "म्हणून", "त्यामुळे", "यावरून दिसतं की" हे शब्द मदत करतात, पण पेपर काढणारा ते मुद्दाम काढून टाकतो.

खरी कसोटी आपल्या बोलीतलीच आहे. प्रत्येक वाक्यापुढे "काबरं?" विचारा. ज्या वाक्याला उताऱ्यातली बाकीची वाक्यं उत्तर देतात, तो निष्कर्ष. ज्याला उताऱ्यात उत्तरच मिळत नाही, ते आधाराचं विधान. समजा असं आलं: "बसस्थानक गावाबाहेर हलवू नये. रोज कॉलेजला येणाऱ्या मुलींना रिक्षाचा वेगळा खर्च पडेल. संध्याकाळी तो रस्ताही सुनसान असतो." हलवू नये, काबरं? खर्च पडेल, रस्ता सुनसान आहे. उत्तर मिळालं. रस्ता सुनसान असतो, काबरं? उताऱ्यात काहीच नाही. म्हणजे पहिलं वाक्य निष्कर्ष आणि बाकी दोन त्याचे टेकू.

आपल्याकडचे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कशास्त्रज्ञ, तर निष्कर्ष आधीच मांडत: डोंगरावर आग आहे ही प्रतिज्ञा, कारण धूर दिसतो हा हेतू, मग उदाहरण, उपनय (उदाहरण इथे लावून दाखवणं) आणि शेवटी निगमन (तोच निष्कर्ष पुन्हा). अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञानाची मोठी संस्था आहे हे अमळनेरच्याच मुलांना ठाऊक नसतं. परीक्षेत त्यावर काही येणार नाही, पण पाच अवयवांची ही मांडणी एकदा समजून घ्या. युक्तिवादाचे भाग सुटे करून बघायची सवय तिने लागते.

गृहीतकाचे प्रश्न कायम चुकतात. काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सावकाश बघू.

विधान: रावेर तालुक्यात या वर्षी केळीला चांगला भाव मिळाला. म्हणून पुढच्या वर्षी तिथले शेतकरी केळीची लागवड वाढवतील.

यात कोणतं गृहीतक आहे?
(अ) लागवड ठरवताना शेतकरी आधी मिळालेला भाव विचारात घेतात.
(ब) पुढच्या वर्षीही केळीला चांगलाच भाव मिळेल.
(क) रावेरमध्ये दुसऱ्या कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही.
(ड) रावेरची केळी सगळ्यात चांगली असते.

केळीवाल्या घरातली मुलं इथे हमखास अडतात. एक म्हणतो, "सर, पाणी कुठंय लागवड वाढवायला? बोअर आटले." दुसरी म्हणते, "सीएमव्ही (केळीवरचा विषाणू रोग) आला तर सगळा बाग उपटावा लागतो, भावाचं काय घेऊन बसलात?" दोघांचंही म्हणणं शेतात बरोबर आहे. पेपरात त्याचा उपयोग शून्य. प्रश्न लागवड खरंच वाढेल का असा नाहीच. बोलणाऱ्याने कोणती गोष्ट न बोलता धरून चालली आहे, एवढंच विचारलंय.

आता पर्याय उलटे करून बघा. (अ) उलटा केला: लागवड ठरवताना शेतकरी आधीचा भाव बघतच नाहीत. मग "भाव मिळाला म्हणून लागवड वाढवतील" या म्हणण्यात काही उरतं का? कोसळलं. म्हणजे (अ) हे गृहीतक. (ब) उलटा केला: पुढच्या वर्षी भाव पडेल. तरी शेतकरी लागवड वाढवू शकतात, भाव पडल्याचं त्यांना नंतर कळेल. म्हणणं टिकलं, म्हणजे (ब) गरजेचा नाही. निम्मी मुलं (ब) वरच टिक करतात, कारण तो विषयाला धरून आहे आणि ऐकायला शहाणपणाचा वाटतो. (क) उलटा केला: दुसऱ्या पिकांनाही भाव मिळतो. तरीही केळी वाढू शकते. (ड) चा तर संबंधच नाही, पण जिल्ह्याचा अभिमान आड येतो. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे हे आठवलं की बोट तिकडे जातं.

उलटं करताना एक जपा. "सगळे" याचं उलट "कोणीच नाही" असं नसतं. "सगळेच नाहीत" एवढंच असतं. इथे घसरलात की चांगली कसोटीही चुकीचं उत्तर देते.

"तर" आणि "तरच" मध्ये गोंधळ होतो.

होणारच, रोजच्या बोलण्यात आपण दोन्ही एकाच मापाने वापरतो.

"भुसावळला गाडी उशिरा आली, तर जळगावलाही उशिरा येते." यावरून काय काय नक्की सांगता येतं? भुसावळला उशिरा आली असेल तर जळगावला उशीर, हे तर दिलेलंच आहे. दुसरी नक्की गोष्ट म्हणजे, जळगावला वेळेवर आली असेल तर भुसावळलाही वेळेवरच आली होती. बाकी दोन उलटसुलट विधानं फसवी. जळगावला उशिरा आली म्हणून भुसावळलाही उशीर झाला असेल असं नाही, मधे भादलीजवळ सिग्नलला उभी राहिली असेल. आणि भुसावळला वेळेवर आली म्हणून जळगावला वेळेवर येईलच, हेही सांगता येत नाही. "पण सर, ड्रायव्हर मधे वेळ भरून काढतो की!" काढत असेल. दिलेल्या विधानात काढत नाही.

आता "तरच": "हॉलतिकीट असेल तरच आत सोडतात." आत बसलेल्या प्रत्येकाकडे हॉलतिकीट आहे, हे नक्की. पण हॉलतिकीट आहे म्हणून आत सोडतीलच असं नाही. ओळखपत्र घरी विसरलात तर दारातच उभे. म्हणजे बाण असा काढायचा: आत सोडलं → हॉलतिकीट होतं. "हॉलतिकीट असल्याशिवाय सोडत नाहीत" याचाही बाण हाच. प्रत्येक अट बाणात लिहायची आणि त्याखाली लगेच तिचा उलटा-नकारी बाण: हॉलतिकीट नाही → आत नाही. हे दोन बाण हाताशी असले की पर्याय वाचायला दहा सेकंद पुरतात.

"सर्व", "काही", "एकही नाही" ची संवाक्यं (दोन विधानांवरून निष्कर्ष काढायचे प्रश्न) कशी सोडवायची?

वर्तुळं काढून, दुसऱ्या मार्गाला लागू नका. "सर्व वकील पदवीधर आहेत. काही पदवीधर कवी आहेत." यावरून "काही वकील कवी आहेत" हा निष्कर्ष निघतो का? पदवीधरांच्या मोठ्या वर्तुळात वकिलांचं छोटं वर्तुळ काढा. कवींचं वर्तुळ मोठ्याला छेदेल असं, पण वकिलांना न शिवता काढता येतं का? येतं. मग निष्कर्ष निघत नाही. तुमच्या ओळखीचा एखादा वकील कविसंमेलनं गाजवत असला, तरी त्याला बाहेरच बसवा. निष्कर्ष मोडेल असं एक जरी चित्र काढता आलं तरी तो बाद.

लक्षात ठेवण्यासारखं थोडंच आहे. दोन्ही विधानं "काही" ची असतील तर त्यांतून नक्की काहीच निघत नाही, दोन्ही नकारी असली तरीही नाही. "काही" मध्ये "सगळे" सुद्धा बसू शकतात. आणि "काही अ ब आहेत" व "एकही अ ब नाही" असे दोन निष्कर्ष दिले असतील, दोन्ही सुटे सिद्ध होत नसतील, तर दोघांपैकी एक खरा असणारच; तिथे "पहिला किंवा दुसरा" हा पर्याय शोधा.

युक्तिवाद मजबूत करणारा, कमकुवत करणारा पर्याय कसा निवडायचा?

समजा म्हणणं असं आहे: एका अभ्यासिकेने रात्री बारापर्यंत दार उघडं ठेवायला सुरुवात केली. त्या वर्षी तिथल्या जास्त मुलांना सीईटीत चांगले मार्क पडले. म्हणून रात्रीच्या अभ्यासाने मार्क वाढतात.

दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून पहिलीने दुसरी घडवली, असं हे म्हणणं. ते खिळखिळं करायचं तर तिसरं कारण दाखवणारा पर्याय शोधा: त्याच वर्षीपासून अभ्यासिकेने बारावीला ऐंशी टक्क्यांच्या वरच्यांनाच प्रवेश दिला. किंवा रात्री फारसं कोणी थांबतच नव्हतं. "रात्री जागल्याने डोळे खराब होतात" हा पर्याय मात्र गळ आहे. तो रात्रीच्या अभ्यासाविरुद्ध बोलतो, मार्क वाढण्याविरुद्ध नाही. मजबूत करायचं असेल तर तिसरं कारण नाकारणारा पर्याय घ्या: प्रवेशाचे नियम, शिक्षक, फी, सगळं आधीसारखंच होतं.

या प्रकारात पर्यायातली माहिती खरी मानूनच चालायचं असतं. "हे कशावरून?" म्हणत पर्यायाशी भांडू नका.

"यावरून काय अनुमान निघतं?" यात दोन पर्याय बरोबर वाटतात.

एक "असू शकतं" चा असतो आणि एक "असलंच पाहिजे" चा. "कापूस वेचायला मजूर मिळेनात म्हणून गावातल्या काही शेतकऱ्यांनी यंदा मका लावला." यावरून मक्याला मजूर लागत नाहीत असं निघतं का? नाही, कमी लागत असतील, वेगळ्या वेळी लागत असतील. गावात कापसाचा पेरा घटला? तेही नाही, बाकीच्यांनी वाढवला असेल. निदान काही जणांनी पीक ठरवताना मजुरांचा विचार केला? हे निघतं. बरोबर उत्तर बहुतेकदा असं मिळमिळीत, कोणालाही पटेल असं असतं. चमकदार पर्याय दिसला की हात आखडा.

"सगळे, नेहमी, फक्त असे शब्द दिसले की पर्याय काटा", ही ट्रिक यूट्यूबवर फार चालते. अर्धवट आहे. उताऱ्यानेच "सगळे" म्हटलं असेल तर "सगळे" वाला पर्याय बरोबर ठरतो.

बैठक व्यवस्था आणि कोडी सोडून दिली तर चालतील का?

सीईटीला नाही. तिथे आसनव्यवस्था, नाती, दिशा, सांकेतिक भाषा, मालिका असले प्रकार येतात आणि सरावाने हमखास मार्क देतात.

एक बघा. भरीत पार्टीला पाच जण एका ओळीत उत्तरेकडे तोंड करून बसलेत: अनिल, भारती, चेतन, दीपाली, ईश्वर. चेतन मधोमध आहे. अनिलच्या लगेच उजवीकडे दीपाली आहे. भारती टोकाला नाही. ईश्वर चेतनच्या डावीकडे आहे. अटी दिलेल्या क्रमाने लावायला गेलात तर खोडाखोड होते. जागा पक्की करणारी अट आधी: चेतन तिसरा. मग जोडीची अट: अनिल-दीपाली हा जोड डावीकडून पहिल्या-दुसऱ्या किंवा चौथ्या-पाचव्या जागीच मावतो. ईश्वर चेतनच्या डावीकडे, म्हणजे डावीकडच्या दोनपैकी एक जागा गेली आणि जोडीला उजवीकडे जावं लागलं. उरल्या पहिल्या दोन जागा. भारती टोकाला नको, म्हणून ईश्वर पहिला, भारती दुसरी. मग चेतन, अनिल, दीपाली. वांग्याचं भरीत कोणी वाढलं, हे विचारलेलं नाही.

नात्यांच्या प्रश्नात नावावरून बाई की पुरुष ते ठरवू नका. "किरण" कोणीही असू शकतं. पिढीगणिक एक आडवी ओळ काढा, नवरा-बायको दुहेरी रेघेने जोडा, बस्स.

विधान आणि कार्यवाही या प्रकाराचं काय?

यात एक समस्या देऊन तिच्यावर कोणती पावलं उचलावीत ते विचारतात. समस्येवर थेट बोट ठेवणारी, करता येण्याजोगी कार्यवाही घ्या. साथ पसरली म्हणून शाळा वर्षभर बंद ठेवा, अशी टोकाची पावलं बहुधा गळतात. याहून यात खोल काही नाही.

उत्तर येत नसेल तर अंदाजाने ठोकायचं का?

सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे वेडेपणा, कारण काही कापतच नाहीत. शेवटची तीन मिनिटं राहिलेल्यांवर टिक करायला राखून ठेवा.

क्लॅटचं गणित करून बघा. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तर चारांत एकदा एक मार्क मिळणार आणि तीनदा पाव-पाव जाणार. चार प्रश्नांमागे हाती पाव मार्क. फायदा नावापुरता, आणि नशीब फिरलं तर तोटाच. पण दोन पर्याय खात्रीने कटले असतील तर दोन प्रश्नांमागे पाऊण मार्क पडतो. तिथे घाबरून सोडू नका.

वेळ पुरत नाही.

दोन्ही परीक्षांत प्रश्नामागे सरासरी एक मिनिट आहे, पण प्रत्येक प्रश्नाला एक मिनिट द्यायचं असा त्याचा अर्थ नव्हे. मालिका, सांकेतिक भाषा वीस-तीस सेकंदांत सुटली पाहिजे. तिथे वाचलेला वेळ कोड्याला जातो. कोड्याची आकृती दोन मिनिटांत आकार घेत नसेल तर खूण करून पुढे चला. हट्टाला पेटून एकाच कोड्यावर आठ मिनिटं घालवणारी हुशार मुलं दरवर्षी दिसतात, आणि त्यांचे सोपे प्रश्न शेवटी वाचायचेच राहतात.

यासाठी पुण्याला क्लास लावावा का?

नुसत्या रिझनिंगसाठी नको. क्लॅटचं इंग्रजी फारच कच्चं असेल आणि घरी अभ्यासाचं वातावरण नसेल तर विचार करा. खोलीभाडं, मेस, फी मिळून घरावर किती बोजा पडेल ते वडिलांशी मोकळेपणाने बोलून मगच ठरवा. रिझनिंगला लागते एक वही. चुकलेला प्रत्येक प्रश्न तिच्यात उतरवा आणि खाली दोन ओळी: मी निवडलेला पर्याय मला का आवडला, आणि तो कुठे चुकतो. नुसतं बरोबर उत्तर लिहून काही हाती लागत नाही. महिन्याभरात वही चाळली की एकाच जागी परत परत पाय घसरतोय हे दिसतं; बहुतेकांचा "खऱ्या आयुष्यात असं नसतं" या जागी घसरतो.

रोज कुठल्याही दैनिकाचा अग्रलेख घ्या. निष्कर्ष एका ओळीत, आधाराची विधानं दोन ओळींत, आणि संपादकाने न बोलता धरलेली एक गोष्ट. अग्रलेख पटला नाही तर उत्तम. न पटलेल्या माणसाचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडता येणं, यातच अर्धी तयारी होते.

जुने पेपर कितपत जुने चालतील?

क्लॅटचे २०२० पासूनचेच घ्या, कारण उताऱ्यावर आधारलेला पॅटर्न तेव्हापासून आला. त्याआधीच्या क्लॅटमधली सुटी संवाक्यं, मालिका आणि नाती सीईटीच्या सरावाला मात्र चांगली आहेत, तेव्हा ती फेकू नका. सीईटीचे १५० प्रश्नांच्या काळातले पेपरही चालतात, फक्त घड्याळ लावताना प्रश्नामागे एक मिनिट धरा.